शेवटचा बोल्ट कुठे आवळायचा?

कारखान्यात तयार झालेला ट्रक बोटीवर चढवला, परदेशी बंदरात उतरवला आणि तो तिथल्या रस्त्याला लागला, इतका सरळ व्यवहार मालमोटारींच्या धंद्यात फार कमी वेळा होतो. ट्रक सीमा ओलांडतो तो बहुधा वेगळ्याच वेषात. कधी परवाना आणि नकाशे म्हणून, कधी लाकडी पेट्यांत भरलेले सुटे भाग म्हणून, कधी केबिनही न चढवलेली चासी म्हणून, कधी नुसता क्रँकशाफ्ट म्हणून, तर कधी युरोपात आयुष्य घालवून आफ्रिकेकडे निघालेलं जुनं धूड म्हणून. सीमाशुल्काच्या सूचीतसुद्धा तो एका जागी सापडत नाही. माल वाहणारी गाडी ८७०४ क्रमांकाखाली, इंजिनासह चासी ८७०६ खाली, केबिन आणि बॉडी ८७०७ खाली. ट्रेलर ओढणारा घोडा तर ८७०१ खाली, शेतातल्या ट्रॅक्टरच्या पंगतीला बसतो. त्यामुळे ‘अमुक देशाने इतके ट्रक निर्यात केले’ असं वाचलं की कोणकोणते क्रमांक बेरजेत धरले, हे आधी विचारावं.

असं होण्याचं कारण गिऱ्हाइकात आहे. मोटार घेणारा माणूस रंग बघतो, नाव बघतो. ट्रक घेणारा किलोमीटरमागे डिझेल किती, पाटे किती दिवस टिकतील, रिटर्न भाडं मिळेल का, आणि गाडी रस्त्यात बसली तर जवळच्या गावात मिस्त्री आहे का, हे बघतो. यातलं काहीच जगभर सारखं नसतं. त्यावर प्रत्येक सरकारचे आयात शुल्काचे, एक्सलवरच्या वजनाचे, धुराचे, गाडीच्या वयाचे नियम. ट्रक चांगला की वाईट यापेक्षा त्याचा शेवटचा बोल्ट कोणत्या देशात आवळला जातो, यावरच या धंद्यातला बराचसा नफातोटा ठरत आला आहे.

मुंबईने हा खेळ फार लवकर पाहिला. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून पेट्या यायच्या आणि इथे गाड्या नि ट्रक जोडले जायचे. फोर्डचंही मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे हेच काम चालू होतं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं, की ज्यांच्याकडे सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा आटोपता घ्यावा. दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी आटोपता घेतला. अमेरिकी नाव पुरतं गेलं असं मात्र नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरने क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो ट्रक काढले.

रिकाम्या झालेल्या जागेत शिरली ती रेल्वे इंजिनं बनवायला १९४५ मध्ये काढलेली टाटांची टेल्को. १९५४ साली तिने डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. करारातली खरी कमाई नाकावरच्या बेंझच्या चांदणीत नव्हती. दरवर्षी भारतात बनणाऱ्या भागांचं प्रमाण वाढवत न्यायचं, ही अट मोलाची होती. १९६१ मध्ये पहिला ट्रक निर्यात झाला तो सिलोनला. १९६९ मध्ये करार संपला तेव्हा चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. गाडी मात्र जवळपास तीच राहिली, कारण ती तोवर इथलीच झाली होती. दरम्यान १९६६ पासून पुण्यात टेल्कोचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. टेल्कोचे कर्तेधर्ते सुमंत मुळगावकर यांच्या हट्टाचं ते फळ. परवान्यावर आलेली गाडी पुढे आपली आपण बदलता आली पाहिजे, हा तो हट्ट.

त्या हट्टाची परीक्षा १९८०च्या दशकात झाली. हा प्रसंग मला या साऱ्या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. सरकारने हलक्या व्यापारी वाहनांसाठी चार जपानी भागीदाऱ्यांना मंजुरी दिली: सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, झहीराबादला ऑल्विन-निसान, रोपडला स्वराज-माझदा आणि पिथमपूरला आयशर-मित्सुबिशी. गाड्या सुबक होत्या, केबिन आरामशीर, इंजिन शांत. देशी कंपन्यांचं आता काही खरं नाही, असंच सगळे धरून चालले होते. पण गाड्या पेट्यांतून येत होत्या आणि पेट्यांचं बिल येनमध्ये होतं. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. त्या वेळी डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन १९८७ संपताना १२५ च्या आत आला. इकडे रुपया डॉलरपुढेही घसरतच होता. म्हणजे पेटीतला माल तोच, पण रुपयांत त्याची किंमत दुपटीवर. भाग इथे बनवायला सुरुवात करावी तर खप अजून हजारांतच, त्यासाठी साचे पाडणं परवडेना. खप वाढवावा तर किंमत आड येई.

१९८६ मध्ये टेल्कोने ४०७ आणली. ती जपानी गाड्यांइतकी गुळगुळीत नव्हती, पण तिचे भाग इथले होते आणि बिल रुपयांत होतं. चौघांपैकी टोयोटाची भागीदारी पुढे देवूकडे गेली, ऑल्विन-निसान महिंद्रांनी घेतली. स्वराज-माझदा इसुझूच्या नावाने टिकली आणि २०२५ मध्ये तिचे सुमारे ५९ टक्के समभाग महिंद्रांनीच विकत घ्यायचं ठरवलं. आयशरने भाग देशी करण्याचा धडाका लावला म्हणून ती तगली आणि २००८ मध्ये व्होल्वोची जोडीदार होण्याइतकी मोठी झाली. ४०७ अजून विकली जाते. देशाभिमानाने ती जिंकली, असं सांगणारे बरेच भेटतात. मला वाटतं, निम्मं श्रेय प्लाझा हॉटेलातल्या त्या बैठकीला द्यायला हवं. उरलेलं निम्मं मात्र पुण्याचंच. येन चढला त्या वेळी देशी गाडी तयार होती, हा काही योगायोग नव्हता.

सरकारी शुल्काने ट्रकचा आकार आणि पत्ता कसा बदलतो, याचा नमुना अमेरिकेत आहे, आणि त्याची सुरुवात कोंबडीपासून होते. १९६२ मध्ये युरोपीय सामायिक बाजारपेठेने स्वस्त अमेरिकी कोंबडीवर शुल्क चढवलं. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरात बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रीन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के शुल्क लावलं. ट्रक त्यात आले ते जर्मनीच्या फोक्सवॅगन व्हॅनना अडवण्यासाठी. स्टार्च, डेक्स्ट्रीन आणि ब्रँडीवरचं शुल्क कधीच उठलं, ट्रकवरचं आजही आहे. अमेरिकी कंपन्यांना मोटारींच्या बाजारात जपान्यांनी जेरीला आणलं, पण पिकअपच्या बाजारात त्यांचं राज्य राहिलं ते या शुल्काच्या भिंतीआड.

भिंत आली की वळसे घालणारेही आले. सुबारूने १९७८ च्या सुमारास ब्रॅट नावाची छोटी पिकअप आणली. तिच्या मागच्या हौद्यात उघड्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या होत्या. बसायला जागा आहे म्हणजे ही प्रवासी गाडी, असा त्यामागचा युक्तिवाद. मर्सिडीजने स्प्रिंटर व्हॅन जर्मनीत पूर्ण बांधायची, मग काही भाग खोलायचे, वेगळे पाठवायचे आणि दक्षिण कॅरोलायनातल्या लॅडसनला पुन्हा जोडायचे, असा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षं केला. शेवटी २०१८ पासून तिथेच पूर्ण उत्पादन सुरू केलं. सगळ्यात निर्ढावलेपणा फोर्डचा. तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्यांसह प्रवासी गाड्या म्हणून बाल्टिमोरला उतरवायच्या, बंदराजवळच सीट काढून टाकायच्या आणि मालगाडी म्हणून विकायच्या. खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, २०१९ मध्ये निकाल फोर्डच्या विरोधात लागला आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ज्या देशी कंपन्यांच्या संरक्षणासाठी शुल्क टिकलं, त्यांतलीच एक ते चुकवताना पकडली गेली.

१ नोव्हेंबर २०२५ पासून अमेरिकेने मध्यम आणि जड ट्रकवरही २५ टक्के शुल्क बसवलं आहे. याचा खरा धक्का मेक्सिकोला. फ्राइटलायनर, इंटरनॅशनल, केनवर्थ ही अस्सल अमेरिकी वाटणारी नावं मेक्सिकोच्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघतात. उत्तर अमेरिकी करारात बसणाऱ्या ट्रकला शुल्क फक्त त्यातल्या बिगरअमेरिकी भागांपुरतं. म्हणजे आता प्रत्येक गाडीमागे कोणता नटबोल्ट कुठला, याची वही ठेवायची. हिशेबनिसांची मात्र चांदी.

शुल्क न लावताही बाजार बंद राखता येतो. युरोपात ट्रक आणि ट्रेलरची एकूण लांबी मोजतात, म्हणून केबिन इंजिनावर चढली आणि तोंड चपटं झालं. तेवढीच जागा मालाला मिळते. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीची अट गेली, नुसत्या ट्रेलरची राहिली. मग तिथे लांब नाकाचे, आत पलंग असलेले ट्रक फोफावले. दोन्हीकडच्या कंपन्या बहुतांशी त्याच. फ्राइटलायनर डाइमलरची आणि मॅक व्होल्वोची. पण इकडची गाडी तिकडे सहसा विकली जात नाही. भारतात २०१८ मध्ये एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली. दहाचाकी ट्रकचं मालासह वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. देशातल्या जुन्या गाड्याही जास्त माल नेऊ लागल्या आणि वर्षभराच्या आत नव्या गाड्यांच्या मागणीने मान टाकली. या मंदीमागे इतरही कारणं होती, पण एका अधिसूचनेने हजारो ट्रकांइतकी क्षमता फुकटात तयार झाली, हे कारखानदारांना आधी सुचलं नसेल असं मानणं कठीण.

युरोपीय संघाचं नव्या जड डिझेल ट्रकवरचं शुल्क २२ टक्के आहे. भारताने २०२० च्या अर्थसंकल्पात पूर्ण बांधून येणाऱ्या व्यापारी वाहनांवरचं शुल्क ४० टक्क्यांवर नेलं. अशा भिंतींच्या आत मोजकीच घराणी उरली की त्यांची एकमेकांशी गट्टी जमते. १९९७ ते २०११ अशी १४ वर्षं मान, डाइमलर, व्होल्वो-रेनो, इव्हेको आणि डॅफ यांनी छापील किमती संगनमताने ठरवल्या. धूर कमी करण्याच्या यंत्रणेचा खर्च गिऱ्हाइकावर केव्हा आणि किती टाकायचा, हेही मिळूनच. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने यांना मिळून २९३ कोटी युरोंचा दंड केला. मानने आधीच तोंड उघडलं म्हणून ती सुटली. याच कटातल्या स्कॅनियाने तडजोड नाकारली आणि पुढच्या वर्षी एकटीने ८८ कोटी भरण्याची पाळी तिच्यावर आली.

या जुन्या घराण्यांना आता झोप लागू देत नाही तो चीन. १९८३ मध्ये चीनने ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीचं तंत्र परवान्यावर घेतलं, आपण बेंझचं घेतलं तसंच. २०२० मध्ये चिनी बाजारात १६ लाखांवर जड ट्रक खपले. दोनच वर्षांनी तो आकडा ७ लाखांच्या आत आला. कारखाने १६ लाखांचे आणि गिऱ्हाईक ७ लाखांचं, म्हणजे उरलेली क्षमता बाहेर पडणारच. नेमकं त्याच सुमाराला, २०२२ मध्ये, युक्रेन युद्धामुळे डाइमलर, व्होल्वो, स्कॅनिया रशियातून उठल्या आणि तिथल्या कामाझ या ट्रक कंपनीचे परदेशी भागीदार व पुरवठादार तुटले. ती पोकळी चिनी ट्रकांनी बघता बघता भरली. इतकी, की थोड्याच काळात रशियाने आयात गाड्यांवरचं ‘पुनर्वापर शुल्क’ वाढवायला घेतलं. आफ्रिकेतही नव्या ट्रकच्या किमतीत चिनी गाडीला गाठणं भारतीयांना जड जातंय.

आफ्रिकेत खरी चुरस मात्र जुन्या गाडीशी असते. अँटवर्पहून निघालेला जुना युरोपीय ट्रक कोटोनू किंवा लागोसला उतरतो, बऱ्याचदा हौद्यात आणखी एखादी गाडी किंवा टायरांचा ढीग घेऊन. नव्या भारतीय ट्रकच्या किमतीपेक्षा तो खूप स्वस्त पडतो आणि नावाला वजन असतं. केनियाने ८ वर्षांवरच्या गाड्यांना बंदी घातली आहे. सगळीकडे इतकी कडक अट नाही. यात एक तांत्रिक पेच वाढत चालला आहे. २०१४ पासून युरोपात विकलेले जड ट्रक युरो-६ चे आहेत. त्यांच्या सायलेन्सरमधल्या यंत्रणेला कमी गंधकाचं डिझेल लागतं, वर युरियाचं द्रावण वेगळं. गंधकाने भरलेल्या डिझेलवर ही यंत्रणा निकामी होते. मग मिस्त्री ती कापून काढतात, आणि युरोपात स्वच्छ म्हणून विकली गेलेली गाडी तिथे धूर ओकते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यामुळे आपल्या कंपन्यांना देशासाठी एक आणि साध्या डिझेलवर चालणाऱ्या बाजारांसाठी दुसरं, असे दोन संसार चालवावे लागतात.

भारताची निर्यात आहे तरी किती? २०१८-१९ मध्ये ती एक लाख वाहनांच्या जवळ पोचली, २०२०-२१ मध्ये निम्म्यावर आली, आणि २०२४-२५ मध्ये ८१ हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी देशात साडेनऊ लाखांहून अधिक व्यापारी वाहनं विकली गेली. म्हणजे निर्यात हे आपल्या कारखान्यांचं जोडकाम. तेही बरंचसं शेजारात: नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मग आखात आणि आफ्रिका. शेजाऱ्याच्या तिजोरीत डॉलर किती, यावर पुण्याच्या टाटांच्या आणि एन्नोरच्या अशोक लेलँडच्या निर्यातीची मर्जी असते. श्रीलंकेने २०२० मध्ये वाहन आयात बंद केली, ती दारं २०२५ मध्ये उघडली. मधली वर्षं तिथला धंदा जवळजवळ शून्य. तंत्राने कमी पडलो असं नाही. चेन्नईजवळ ओरगडमला डाइमलरचा कारखाना भारतबेंझ बनवतो आणि तिथूनच फुसोच्या नावाने कित्येक देशांत ट्रक जातात. पिथमपूरला बनलेलं मूळ इंजिन व्होल्वोच्या गाड्यांत बसतं.

सुट्या भागांकडे पाहिलं तर चित्र अगदीच निराळं दिसतं. पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जचे घण आणि प्रेस लाल पोलादाला क्रँकशाफ्टचा आणि पुढच्या एक्सल बीमचा आकार देतात. अमेरिकेतल्या जड ट्रकमध्ये हे भाग वर्षानुवर्षं जात आले आहेत. तिकडे ३३ हजार पौंडांवरच्या ट्रकना ‘क्लास ८’ म्हणतात. या ट्रकच्या नव्या मागण्यांचे मासिक आकडे मुंढव्यात आणि शेअर बाजारात सारख्याच काळजीने वाचले जातात. अमेरिकी वाहतूकदाराचं भाडं पडलं की तो नवी गाडी पुढे ढकलतो आणि मग मुंढव्याच्या पाळ्यांना त्याची झळ लागते. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचंही या ना त्या वाटेने असंच. इंजिनाचं बीड कास्टिंग तिथून निघतं आणि कुणाच्या तरी बिल्ल्याखाली कुठे तरी जातं. महाराष्ट्रातला ट्रक परदेशात क्वचित दिसतो, पण महाराष्ट्रातलं पोलाद परदेशी ट्रकच्या पोटात बऱ्याचदा असतं. निर्यातीच्या सरकारी भाषणांत मात्र आख्ख्या गाड्याच मोजतात, कारण बीमचा फोटो छान येत नाही.

राहिला मार्ग परदेशी कंपनीच विकत घेण्याचा. यात भारतीयांचा इतिहास संमिश्र आहे. टाटांनी २००४ मध्ये कोरियातल्या गुनसानची देवू कमर्शियल व्हेईकल १० कोटी २० लाख डॉलरना घेतली आणि ती टिकली. तिचा जड ट्रकचा अनुभव २००९ च्या प्रायमामध्ये कामी आला, आणि कोरियातला बाजार वर मिळाला. स्पेनची हिस्पानो बस कंपनी मात्र टाटांना २०१३ मध्ये सारागोसाचा कारखाना बंद करून संपवावी लागली. अशोक लेलँडने २००६ मध्ये चेक प्रजासत्ताकातली अव्हिया घेतली, तिथलंही उत्पादन २०१३ मध्ये थांबलं. या तीन सौद्यांवरून मला दिसतं ते असं: जिथे नकाशे आणि अभियंते विकत घेतले तिथे पैसे वसूल झाले. जिथे आटत चाललेल्या युरोपीय बाजारात पाय ठेवायला जागा घेतली, तिथे ती जागाच खचली.

जुलै २०२५ मध्ये टाटांनी इव्हेको ३८० कोटी युरोंना घ्यायचं जाहीर केलं. लष्करी वाहनांचा भाग वगळून, तो इटलीच्या लिओनार्दोकडे. याच इव्हेकोने १९८७ मध्ये हिंदुजांबरोबर अशोक लेलँडमध्ये भांडवल घातलं होतं आणि २००७ मध्ये ते काढून घेतलं. २०२१ मध्ये चीनच्या फाऊने तिच्यासाठी बोलणी केली होती, पण ती इटलीतल्या राजकीय नाराजीत विरली. टाटांना रोमची तशी अडचण आली नाही. पण सौद्याच्या परिणामी कारखाने बंद करणार नाही आणि थेट कामगारकपात करणार नाही, ही हमी मात्र द्यावी लागली. दोन्ही कंपन्या मिळून वर्षाला ५ लाख ४० हजारांच्या आसपास वाहनं होतात. आकडा मोठा दिसतो, पण दोघींचे बाजार फारसे एकावर एक येत नाहीत. एकीच्या गाड्या भारतात, दुसरीच्या युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत. त्यामुळे भाग एकत्र खरेदी करून बचत होईल ही आशा अर्धवटच खरी ठरेल. माझ्या मते, एफपीटी ही इव्हेकोची इंजिन बनवणारी शाखा हाच या सौद्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा आहे. तिची इंजिनं शेतीची यंत्रं आणि जहाजांपासून ट्रकपर्यंत सगळीकडे बसतात आणि त्यांना भिंती कमी आडव्या येतात. आता टाटांपुढे कामं दोन: सुझारा, ब्रेशिया, वायादोलिद इथल्या चालू कारखान्यांची हमी सांभाळत युरोपातल्या विजेच्या ट्रकचा खर्च पेलायचा, आणि त्याच वेळी पुण्यातल्या गाडीत एफपीटीचं इंजिन परवडेल इतक्या किमतीत बसवायचं. देवू घेताना यातलं दुसरंच काम होतं, हिस्पानो घेताना पहिलंच. या वेळी दोन्ही एकाच बिलात आली आहेत.